देवाची पहिली पत्रिका
हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका हातात आली की मला नळदुर्गातलं माझं छपाईचं दुकान आठवतं आणि घाम फुटतो. हौसेनं मी कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी चौसष्ट-बिट सिस्टिम टाकली होती, आणि लग्नपत्रिकेचा मजकूर मांडायचा जुना बत्तीस-बिट प्रोग्राम त्यावर सुरूच होईना. प्रोग्रामची फाईल डोळ्यांसमोर दिसत होती, तरी मशीन आपलं एकच रेटत होतं, अशी फाईलच नाही. दारातल्या स्टुलावर वाट अडवून नवरीचे वडील बसलेले. पहिली पत्रिका त्यांना त्याच दिवशी अणदूरच्या खंडोबापुढं ठेवायची होती, आणि पाच मिनिटांत देतो असं मीच सांगून बसलो होतो. पंखा गरम हवा फिरवत होता, हायवेवरून ट्रक गेला की शटर थरथरायचं. बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करावा म्हणून मी उठलो की तेही हात जोडून उठायचे, "झाली का?" मी परत बसायचो. "निवांत करा, लई घाई न्हाय," ते म्हणायचे आणि उन्हाकडं बघायचे. ऊन उतरल्यावर मी कोऱ्या कार्डावर सगळा मजकूर हातानं लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, कार्ड कपाळाला लावलं. "देवाला पोचली म्हंजी झालं." मशीन नाही म्हणत होतं ती फाईल प्रोग्रामची नव्हतीच, त्याला लागणारी होती; तसल्या बत्तीस-बिट फायली टाकल्यावर तो दुसऱ्या दिवशी मुकाट चालला. पण आजही कुणी "निवांत करा" म्हटलं, की मी आधी दार मोकळं आहे का ते बघतो.