चार मणी एका ओळीत

आमच्या घरातून संगीताच्या परीक्षेत आजवर एकच माणूस नापास झाला आहे, तो म्हणजे मी. परीक्षेला मी बसलेलो नव्हतो.

बसली होती आमची मुलगी शैला. ती तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या कॉलेजने ‘आधुनिक संगीत’ नावाचा नवा पेपर काढला होता. एखाद्या नव्या कवितेला स्वतः चाल लावायची आणि एक जुनं, एक नवं वाद्य घेऊन ती परीक्षकांपुढे गायची. शैलाने जुनं म्हणून घरचा तंबोरा घेतला आणि नवं म्हणून वर्गातल्या वंदनाची हवाईयन गिटार.

मी मोजणी खात्यातला माणूस. चोवीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. संगीतातलं मला जेवढं मोजता येतं तेवढंच कळतं. समोरच्या खोलीत दोघींचा सराव चाले तेव्हा मी घड्याळ लावून बसे. गाणं सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. त्यात मधोमध नऊ सेकंद कोणीच काही करत नव्हतं.

“हे नऊ सेकंद कशाचे?” मी विचारलं.

“शांतता आहे बाबा. तीही चालीतच आहे.”

“मग ती वाजवतं कोण?”

यावर वंदनाने पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघर गाठलं.

शैलाला पुढे एम. ए.ही संगीतातच करायचं होतं. माझी अट होती: साठ टक्के मिळाले तर एम. ए., नाहीतर मुकाट्याने बी. एड. अट मी कागदावर लिहून, दोघांच्या सह्या घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. लेखी पेपर बेताचेच गेले होते. सगळी मदार या प्रात्यक्षिकावर होती.

परीक्षेच्या दिवशी शैला सकाळीच तोंडी परीक्षेसाठी गेली. दोन वाजता तंबोरा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. आमची ही काटोलची. बोलणं सरळ. ती म्हणाली, “हे पहा, तंबोरा फक्त नेऊन द्या. त्याले काही करून नका राहू.”

माझ्या मनात काही करायचं नव्हतंच. पण खोळ काढून पाहतो तर भोपळ्यावर धूळ! परीक्षेला जाणारी वस्तू स्वच्छ असावी, म्हणून ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. पुसता पुसता दिसलं, की तारा ज्या पांढऱ्या घोडीवरून जातात तिथे प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा एकेक तुकडा अडकलेला. चार तारा, चार तुकडे. (वर्षभर रोज सराव चालतो, पण हे काढायला कोणाला फुरसत नाही!) मी चिमट्याने चारही काढले. मग खाली नजर गेली. तारांत चार मणी ओवलेले होते, एक वर, एक खाली, दोन अधांतरी. आमच्या खात्यात कोणी हद्दीचे दगड असे रोवले असते तर निलंबित झाला असता. मी स्टीलची पट्टी आणली आणि चारही मणी एका ओळीत आणले. तपासून पाहिलं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता.

नागपूरचा एप्रिल, तरी प्रसंग पाहून मी कोट चढवला. तंबोऱ्याला ऊन लागू नये म्हणून खोळीवरून चादरीत गुंडाळून मांडीवर आडवा घेतला. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, “भाऊ, दवाखान्यात घेऊन राहिले का?” मी म्हटलं, कॉलेजात. तरी खड्डे चुकवत नेलं त्याने.

परीक्षा हॉलमध्ये होती. खिडक्यांना खसच्या ताट्या, समोर बाहेरगावाहून आलेले एक स्थूल, वयस्कर परीक्षक. पालकांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. प्रत्येकीला वीस मिनिटं, वाद्य लावण्यासकट.

शैलाने खोळ काढली आणि तारांवरून बोट फिरवलं. रिकाम्या डब्यावर चमचा आपटावा तसा आवाज आला. तिने खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. डबा तसाच. मग ती वाकून घोडीकडे बघत राहिली. वंदनाने गिटारवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. मी घड्याळ पाहिलं. नऊ सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

परीक्षकांनी पेन उचललं. “काय हो, तंबोरा मुद्दाम असा ठेवला आहे का? आधुनिक म्हणून?”

इथे शैलाने ‘हो’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण चुकीचं माप चुकीचं म्हणूनच नोंदवायचं, हे तिला लहानपणापासून मीच शिकवलं होतं.

“नाही सर. याचे दोरे गेलेत. सकाळी होते.” एवढं बोलून ती वळली. “बाबा, दोरे तुम्ही काढले?”

“कचरा होता,” मी म्हणालो.

परीक्षकांनी मला उभं केलं. मी सगळा तपशील दिला: दोरे चार, मणी चार, सगळे एका रेषेत. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायचं होतं की रडू, कळलं नाही. शैला मात्र हसत नव्हती. ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्हाले बी. एड.च पाहिजे होतं ना, बाबा?”

मी म्हणालो, “सर, चूक माझी आहे. तिचे गुण कापू नका.”

“गुणांचं नंतर. अकरा मिनिटं उरलीत. दोरे आहेत का कोणाकडे?”

कोणाकडेच नव्हते. मी कोटाकडे पाहिलं. पुढच्या तीन बटणांचे दोरे दातांनी तोडून ओढून काढले, चौथा बाहीच्या बटणाचा अर्धाच निघाला. शैलाने एकेक दोरा तारेखाली घालून केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे केला, आणि तो डबा एकदम भरून, गुणगुणत बोलायला लागला. चारही मणी पुन्हा वाकडेतिकडे झाले होते. ते तसेच हवे होते, हे तेव्हा मलासुद्धा ऐकू आलं.

मग ती गायली. गाता गाता मधली ती शांतता आली. गिटार थांबली, तंबोरा थांबला, सगळा हॉल थांबला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. आणि त्याच वेळी माझं बाहीचं बटण सुटलं, फरशीवर टणकन पडलं आणि घरंगळत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेलं. शैलाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. पुढची ओळ बरोबर उचलली.

गाणं संपल्यावर परीक्षकांनी मला पुढे बोलावलं. एक खुंटी किंचित फिरवून चारही तारा छेडल्या. “सांगा, कोणती उतरली?” मी तिसरी म्हणालो. ती पहिली होती. त्यांनी ती लावून दुसरी एखादी उतरवली, असं एकूण चारदा विचारलं. “चारपैकी शून्य,” ते म्हणाले. “तुम्ही नापास.” आणि माझं बटण परत केलं.

शैलाला एकूण चौसष्ट टक्के मिळाले. कपाटातला कागद तिने स्वतः काढला. गेल्या वर्षी ती एम. ए. झाली. तंबोरा अजून समोरच्या खोलीत आहे आणि वर भिंतीवर तिच्या अक्षरातली, परीक्षेच्याच दिवशी लावलेली चिठ्ठी आहे: ‘बाबांनी साफ करू नये.’

मी ते तंतोतंत पाळलं आहे. फक्त चिठ्ठी डावीकडे थोडी उतरती लागली होती. गेल्या रविवारी घरात कोणी नसताना पट्टी आणि ओळंबा घेऊन तेवढी मी सरळ केली.