कादंबरीचा मी रचलेला शेवट

एप्रिलचं ऊन, कुलरमध्ये पाणी नाय, आणि समोर एम.ए. इंग्रजीच्या पेपरांचा गठ्ठा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्यासारखीला पेपर तपासायला बोलावलं की नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं तर जूनमध्ये आपलं नाव यादीत राहील का, ही धाकधूक. दहा वर्षं झाली, दर जूनला तीच. लई थकले, खरं सांगते.

प्रश्न एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या शेवटावर होता. घर सोडून गेलेली मुलगी बापाच्या दारात परत येते, तिथला. सगळ्यांचं उत्तर एकच. ती दार वाजवते, बाप दार उघडतो, आणि काही न बोलता तिच्या हातातली पिशवी घेतो. शब्दाला शब्द तोच. ओरडायचं तरी कुणावर? ती वाक्यं माझीच होती.

मी पैठणची. ठरत आलेलं लग्न मोडून इथं एम.ए.ला निघाले तेव्हा वडील म्हणाले, "गेलीस तर ह्या घराचं दार तुला बंद." इथल्या गारखेडा भागात आम्ही वर्गातल्या तिघींनी एक खोली घेतली. लायब्ररीत या कादंबरीची एकच प्रत. ती हाती लागली परीक्षेच्या दोन दिवस आधी, आणि बघते तर शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली. आमच्यात रीतच होती तशी. अख्खं पुस्तक कोण वाचतंय, लागतील तेवढी पानं उचलायची. माझा फोन बटणाचा. बाजारातल्या गाईडात शेवट एका ओळीत उरकलेला: ती घरी परतते. मग पुढचं मी रचलं. रचताना रडले होते, हेही सांगून टाकते.

त्या पेपरात मी पहिली आले. झेरॉक्सवाल्या चाचांनी माझ्या नोट्स मागून घेतल्या. "टॉपर मॅडम के नोट्स है, हातोहात जाते," म्हणत ते वर्षानुवर्षं त्यांच्या प्रती काढत राहिले. पुढं मी शिकवायला लागले तेव्हा वर्गातही त्याच नोट्स वाचून दाखवल्या. कादंबरी परत उघडायला सवड मिळाली नाही असं म्हणते मी, पण काढली असती तर मिळाली असती.

वडील मी शिकवायला लागायच्या आधीच गेले. शेवटपर्यंत बोलले नाहीत. मी एस.टी.नं पैठणला पोचले तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं. सगळ्या गावासाठीच उघडं होतं ते.

तर त्या गठ्ठ्यात एक पेपर वेगळा निघाला. अक्षर वेडंवाकडं, इंग्रजी मोडकं. त्यात लिहिलेलं, बाप दार उघडत नाही. अंगणातलं म्हातारं कुत्रं तेवढं तिला ओळखतं, फाटकापर्यंत सोडायला येतं. मनचंच लिहिलंय, असं म्हणत मी पंधरापैकी दोन मार्क टाकले आणि पुढचा पेपर घेतला. पण ते कुत्रं काही डोक्यातून जाईना. न वाचता कुणाला कुत्रं सुचेल?

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला आणि फोनवर कादंबरी शोधली. फुकटात मिळते ती आता. शेवटची वीस पानं तिथंच बसून वाचली. दार उघडलं नव्हतं. कुत्रं होतं.

मार्क बदलायचे तर मॉडरेटर सरांची सही लागते. पेपर घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. या पोराचं किंवा पोरीचं, जे कुणी असेल त्याचं, वर्ष माझ्या लाल पेनात अडकलं होतं. सरांनी नमुना उत्तर काढून दाखवलं. त्यातही बाप पिशवी घेत होता.

"मॅडम, बरोबरच तर तपासलाय तुम्ही," सर म्हणाले.

"नाही सर. नमुना उत्तर चुकलंय. ते माझ्या नोट्सवरून केलेलं आहे, आणि मी तो शेवट वाचलेला नव्हता. आज वाचला."

सरांनी चष्मा काढला. दाराकडं एकदा बघून आवाज खाली आणला. "हे वरपर्यंत गेलं तर जूनमध्ये तुमच्या तासिकांचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय सर."

मी दोन खोडून तेरा लिहिले. सरांनी चष्मा परत चढवला आणि शेजारी सही केली. पेपर परत देताना म्हणाले, "पण मॅडम, शेवट वाचलाच नव्हता, तर बाप दार उघडतो हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही सर," मी म्हटलं. "मीच वाट बघत होते."