न फुटणाऱ्या चकत्या

“मार ना रे!” इनामदार ओरडला. मी चाप ओढला. खट्ट. मातीची चकती माझ्या डोक्यावरून डौलात गेली आणि माळावर पडली.

“अजून एक!” खट्ट. तिसरीला धुळ्याहून आलेला गोरा साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरला. आणि माझ्या धानोऱ्याचे लोकही हसले. ते जास्त लागलं.

बंदुकीत काडतुसाचं नुसतं टरफल होतं. इनामदारानं स्वतःच्या हातानं भरलेलं.

दवंडी पिटली होती ना! उडत्या चकत्यांवर नेमबाजी, यंदा कुणीही यावं. मी कुंभार. चकत्या माझ्याच. साच्यावर थापायच्या, हलक्या भाजायच्या, म्हणजे एक छर्रा लागला तरी चुरा. मी करायच्या, साहेबांनी फोडायच्या. एक आपणही फोडावी, एवढीच हौस. बंदूक काढून घेताना इनामदार म्हणाला, “कुंभारड्या, तू माटी तुडव. नेम धरानं तुन्हं काम नही.”

“हो सरकार,” मी म्हणालो. वाकून. ते ‘हो’ अजून जाळतं.

घरी बायकोनं भाकर वाढली आणि एवढंच विचारलं, “बठास्ना, साऱ्या गावना समोर तुम्ही वाकनात?”

मग माझं डोकं थंड झालं. मंडळी, थंड डोक्याच्या कुंभाराला भ्यावं.

पुढच्या हिवाळ्यात साहेब पुन्हा आले. मी माती मळली. तिच्यात इनामदाराच्याच तबेल्यातली लीद आणि भरपूर कापूस. थापल्या, पण भाजल्याच नाहीत. वरून गेरू फासला, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपली नेली. दिसायला भट्टीतल्या, आतून चामड्यासारख्या चिवट.

साहेबानं बार काढला. धडाम! चकती तशीच उडत राहिली. पडली. थप्प. दुसरी. थप्प. इनामदार उठला, मिशी पिळली. धडाम! थप्प. चकतीत छर्रे रुतलेले, बाजरीच्या भाकरीवर तीळ असावेत तसे. नेम बरोबर, चकती साबूत! गर्दीतून एक म्हातारी ओरडली, “सरकार, काडतूस रिकामं शे का?”

अख्खा माळ हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं.

इनामदार माझ्यावर धावून आला. “भाजेल चकत्या आन! आत्ते!”

“आनसू. पन पहिला बार गावना लोकस्ना. भरेल काडतूस. नवखाले चकती सावकाश फेका. चुकना तर हसानं नही.”

“अटी घालस तू मले?”

“हो. माटी मन्ही शे.”

त्यानं छडी उगारली. मी वाकलो नाही. बायको शेजारी येऊन उभी राहिली. मग ती म्हातारी. मग बरेच जण. छडी न मारताच खाली आली. पण अटी त्यानं मानल्या नाहीत; मी टोपली उचलून घरी आलो.

आता भट्टीमागच्या माळावर आमचा खेळ होतो. बंदूक नाही, गोफण. चकत्या इतक्या हलक्या भाजतो की खडा घासला तरी धुरळा. नवखा जवळून मारतो, तरबेज लांबून. चुकला त्याला लगेच दुसरी. मोलगीच्या डोंगरातून उतरलेला पावरा आदिवासी तीर घेऊन येतो, त्यालाही जागा.

परवा इनामदाराचा निरोप आला. झालं गेलं विसर, साहेब येताहेत, टोपलीभर चकत्या पाठव.

विसरत नाही. त्याच्या माळावर माझी एकही चकती उडणार नाही. फोडायचीच असेल तर इथं यावं, त्या म्हातारीच्या मागे रांगेत उभं राहावं, आपली पाळी मागून घ्यावी. मागितली तर देईन. माफी मात्र देणार नाही.