बांधाकडचं वळण

झुंबर मखमलाबादच्या मळ्यात मेथी-कोथिंबीर पिकवायचा आणि मातीवरच्या मोटरसायकल शर्यती लागल्या की हेल्मेट घेऊन निघायचा. नव्वदच्या दशकात नाशकात या शर्यतींचं वेडच होतं. त्याचा मावसभाऊ योगेशही त्याच्यासोबत धावायचा.

त्या वर्षी दिंडोरी रस्त्याच्या माळावर आखलेल्या ट्रॅकवर मोठ्या उंचवट्यावरून उडी होती. गाडी खाली टेकली की लगेच वळण, आणि वळणाच्या बाहेर खेटून दगडी बांध.

झुंबर आयोजक भारतशेठला म्हणाला, "शेठ, चाक टेकल्यावर गाडी सावरायला जागाच नाय. कोणीतरी सरळ दगडात जाईल."

"लोकांना उडी जवळून बघायची असते. भीती वाटत असेल तर नाव काढून घे."

झुंबरनं नाव काढलं नाही.

शर्यतीत योगेश पुढं होता. उडीवरून उतरताना त्याचं मागचं चाक घसरलं आणि तो गाडीसकट बांधावर आदळला. हेल्मेट फुटलं. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. झुंबर गाडी टाकून धावला, तोच मागून उडी घेतलेला स्वार त्यांच्यावर येऊन पडला. झुंबरचा गुडघा चिरडला. योगेशच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

इकडे लाऊडस्पीकरवर शर्यत चालूच राहील, असं सांगत होते. झुंबर लंगडत आयोजकांच्या मंडपात शिरला आणि हातातलं हेल्मेट त्यानं भारतशेठच्या तोंडावर हाणलं. नाक मोडलं, दात पडले. तो खाली पडल्यावरही झुंबर मारत राहिला. मग शेठच्या माणसांनी बांबूनं झुंबरला असं झोडपलं, की त्याच्या बरगड्या मोडल्या.

झुंबरचा गुडघा कायमचा आखडला. योगेशची आई वत्सलाबाई त्याला बघायला आली.

"शेठला मारून काय झालं रं? दगड अजून तिथंच हायेत," ती म्हणाली.

झुंबर चालायला लागल्यावर दोघं पहार घेऊन माळावर गेली. मावशीनं पदर खोचला आणि तीही दगड उपसू लागली. हातांना फोड येऊन फुटले. माळाचा मालक आला, बघत उभा राहिला आणि त्यांना न अडवता निघून गेला.

पुढं सन दोन हजारनंतर शर्यती भरवणाऱ्या नव्या मंडळींनी झुंबरला ट्रॅक आखायला बोलावलं. त्यानं उडीनंतर लांब सरळ पट्टा ठेवला, वळणाबाहेरची जमीन नांगरून भुसभुशीत केली आणि प्रेक्षकांना दोरीपलीकडं पार मागं हटवलं. लोक कुरकुरले.

पहिल्याच शर्यतीत एक स्वार त्या वळणावर फेकला गेला. गाडी कोलांट्या खात गेली, तो मातीत लोळत राहिला आणि निपचित पडला.  झुंबर पाय ओढत पोचला, तेव्हा पोरगा उठून बसला होता. मनगट वाकडं झालेलं, तोंडात माती.

"गाडी कुठं गेली?" त्यानं विचारलं.

 झुंबरनं त्या अनोळखी पोराचं डोकं छातीशी धरलं आणि तिथंच मातीत बसला.