टोकाच्या घराचं लाल फडकं

माझ्या सासऱ्यांना गावात कुणी नावाने ओळखत नाही. चावीवाले म्हटलं की झालं. घरात आम्ही अण्णा म्हणतो. एकतीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, चढाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला खड्डा आहे त्याचं झाकण सरकवायचं, चावी आत बसवायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. ह्यात काय मोठं, असं बघणाऱ्याला वाटेल. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. सासरा नळाला पाणी सोडतो, हे माहेरी सांगायची लाज वाटायची मला.

पण माणूस कामाचा पक्का. चावी बसवली की तिच्या दांड्याला कान लावायचे. पाइपात पाणी कुठवर पोचलंय, कुठे गळतंय, कुणी मोटर लावून ओढतंय, सगळं त्यांना त्या दांड्यातून ऐकू यायचं. घरात मात्र चहाला तीनदा हाक मारावी लागायची.

गावाला टाकी एकच आणि ती दिवसातून एकदाच भरते. सकाळी सातला आधी चढावरच्या वरच्या आळीला पाणी, ते बंद केलं की खालच्या बाजाराला. वरच्या आळीत सगळ्यात उंचावर, सगळ्यात शेवटी टोकाची काकू राहायची. एकटीच. अण्णांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, वाळक्या अंगाची आणि जिभेची फटकळ. अण्णा कामावर नवे होते तेव्हा तिला सलग आठ दिवस पाणी मिळालं नाही. नवव्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन खाली आली आणि खड्ड्याच्या झाकणावर बसली. म्हणाली, "आता उघड बघू कसं उघडतोस ते. माझं ठरल्याशिवाय उठायची नाही मी."

त्या दिवशी दोघांचं ठरलं. काकूची भांडी भरली की तिने गच्चीवर बांबूला लाल फडकं लावायचं. खालच्या खड्ड्यापाशी उभं राहिलं की तिची गच्ची दिसते. फडकं दिसलं की अण्णांनी वरची आळी बंद करून बाजार उघडायचा. टोकाचं भरलं म्हणजे मधल्या सगळ्यांचं भरलंच की. तीस वर्षं ह्या दोघांनी घड्याळाकडे न बघता गावाला पाणी पुरवलं. एका जुन्या चादरीचं फडकं विटलं की काकू दुसरी चादर फाडायची.

मग गावात पाहुणे यायला लागले. आमच्या गावाच्या पुढे कडा आहे आणि कड्यावरून सूर्योदय दिसतो. तोच सूर्य त्यांच्याही गावात उगवतो, पण तिथे फुकट उगवतो म्हणून कुणी बघत नाही. आधी दोन गाड्या आल्या, मग वीस, मग रस्ता रुंद झाला. कड्याखालच्या जमिनी गेल्या आणि तिथे रिसॉर्ट उभं राहिलं. शेतात जाणाऱ्या बायका हॉटेलांत चादरी बदलायला जायला लागल्या. माझ्या नवऱ्याने जीप घेतली आणि तो लोकांना कड्यावर नेऊ-आणू लागला. मी खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. कुणी काही म्हणो, आमच्या घरात चार पैसे आले ते ह्या पाहुण्यांमुळेच. मी त्यांना नावं ठेवणार नाही. खाल्ल्या मिठाला जागायला हवं.

पाणी मात्र तेवढंच राहिलं. टाकीला काय माहीत पाहुणे आलेत म्हणून? आळीत ज्याने त्याने खोल्या काढल्या आणि ज्याने त्याने पाइपाला मोटर लावली. मोटर लावणाऱ्याकडे पाणी धावायचं आणि टोकाला करंगळीएवढी धार. अर्ध्या तासात दिसणारं फडकं सव्वा तासाने दिसायला लागलं. बाजारातले हॉटेलवाले अण्णांच्या डोक्यावर येऊन उभे राहायचे, "अहो, बंद करा की आता." अण्णा वर बघत राहायचे. फडकं नाही तर बंद नाही.

मीही एक मोटर आणून जिन्याखाली बसवली, वरून पोतं टाकलं. दुसऱ्याच दिवशी अण्णा जेवताना म्हणाले, "आपल्या घरात मोटर आहे." कान आहेत की काय आहेत! उठले आणि वायर उपटून घेऊन गेले. मी खूप बोलले त्यांना. म्हटलं, जग म्हणतं तळं राखील तो पाणी चाखील, आणि आमच्या घरात तळं राखणारा असून आम्ही टँकर मागवतोय. लोकांच्या सासऱ्यांनी सुनांना काय काय करून दिलं, तुम्ही दहा मिनिटं पाणी देत नाही. अण्णा म्हणाले, "बाकीच्यांच्या मोटरी मी काढू शकत नाही, बाई. एवढीच काढू शकतो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी आम्ही वर मजला चढवला. पाहुण्यांना गच्ची लागते, सकाळचं ऊन लागतं. मजला होत असताना अण्णा खालून येऊन म्हणाले, "तुमच्या कठड्यामागे टोकाची गच्ची झाकली. नुसता बांबू दिसतो." मी म्हटलं, बांबू दिसतोय ना, मग पुरे झालं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता हे मला ठाऊक होतं. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. पण सीझन तोंडावर, नवऱ्याची जीप एक दिवस रिकामी नाही, मला खोल्यांतून उसंत नाही. सीझन होऊ दे, मग करू, असं मीच म्हणाले. गुडघाही धरला होता, त्यामुळे वर चढून खात्री करणं त्यांनी सोडलं होतं.

आणि टॉवेल. आमच्याकडची माती तांबडी. पाहुणे कड्यावरून आले की पांढऱ्या टॉवेलांची वाट लागायची, धुऊन धुऊन माझे हात सोलले. म्हणून ह्या सीझनला मी बारा टॉवेल लाल आणले. केवढी शहाणी मी.

सुट्ट्या जोडून आल्या आणि पहिल्यांदाच आमच्या सगळ्या खोल्या भरल्या. पाहुणे पहाटे कडा बघून यायचे, सातला आंघोळी करायचे आणि टॉवेल गच्चीच्या दांडीवर टाकायचे. एरवी मी लगेच वर जाऊन आवरते, पण त्या दिवसांत चौदा माणसांचा नाश्ता माझ्या एकटीवर होता. पहिल्या दिवशी अण्णा कामावरून लवकर आले. चहा घेताना म्हणाले, "टोकाचं आज अर्ध्या तासात भरलं. दाब चांगला आहे." मी म्हटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारा खूश होता. सुट्टीच्या गाड्यांच्या गोंगाटात दांड्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं, पण फडकं दिसत होतं; लोकांना अक्कल आली बहुतेक, मोटरी काढल्या, असं म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे दुसरा कप मागितला.

चौथ्या दिवशी उजाडल्यावर आमच्याकडची एक पाहुणी कड्यावरून धावत परत आली. नवरा-बायको दोघं सूर्योदय बघायला गेली होती. म्हणाली, खालच्या झऱ्याच्या वाटेवर एक आजी पडल्यात, बोलत नाहीत, माझे मिस्टर तिथे थांबलेत. अण्णा तेव्हा चावी घेऊन निघतच होते. चावी तशीच खांद्यावर ठेवून ते तिच्या मागे गेले, आणि त्यांच्या मागे मी.

जुन्या झऱ्याचं पाणी नळ आल्यापासून कुणी आणत नाही. पूर्वीची वाट सरळ होती, आता मध्ये रिसॉर्टचं कुंपण आलंय आणि दगडांवरून वळसा घालावा लागतो. त्या दगडांत काकू आडवी पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, घागर खाली घरंगळलेली. पाहुण्याने बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात थोडं थोडं घातलं होतं आणि थंडी म्हणून स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून तिच्या अंगावर पांघरला होता. परक्या माणसाने केलं एवढं, मी कशी विसरेन.

अण्णा खाली बसले. "काकू, झऱ्यावर कशाला आलीस? रोज भरतंय ना तुझं?" काकूने डोळे उघडले. अण्णांचा हात तिच्या अंगावरच्या टॉवेलवर होता. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

पाहुणा म्हणाला, "तुमच्याच खोलीतलं आहे. गच्चीवर वाळत घालतो ना आम्ही रोज, त्यातलं."

अण्णांनी मान वर केली. आमचा मजला तिथूनही दिसतो. ते तिकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला तेव्हाच सगळं कळलं. तीन दिवस त्यांना दिसलं ते फडकं आमच्या गच्चीवरचं होतं.

नवऱ्याच्या जीपमधून तिला शहरात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण डॉक्टर म्हणाला, हाडाचं नंतर बघू, आजींच्या अंगात पाणीच राहिलेलं नाही, किती दिवस प्यायल्या नाहीत ह्या? दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

ती ओरडली का नाही, खाली का आली नाही, हे मला दूधवालीकडून कळलं. तिसऱ्या दिवशी काकू तिला म्हणाली होती, "चावीवाल्याच्या सुनेने मजला चढवलाय, खोल्या भरल्यात. पाणी तिकडे लागणारच. इतकी वर्षं दिलं त्याने. त्याच्याही घरात पोटं आहेत, आता मी कुठे भांडत बसू." शेजाऱ्यांकडे मागायचं तर सकाळी आळीत होतं कोण? बायका सगळ्या हॉटेलांत. दूधवालीलाही रिसॉर्टला दूध पोचवायची घाई होती. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

जी बाई एका घागरीसाठी झाकणावर ठाण मांडून बसली होती, ती माझ्या खोल्यांपायी गप्प बसली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाणी समितीची बैठक झाली तेव्हा अण्णा उभे राहिले. "तीन दिवस मी टोकाचं पाणी बंद केलं. फडकं न बघता केलं. काय ती शिक्षा द्या." अध्यक्षाचं बाजारात हॉटेल आहे. तो म्हणाला, "अण्णा, म्हातारी पाय घसरून पडली. वय झालं होतं. सीझन चालू आहे, बाहेर असलं काही गेलं तर उद्या गाड्या परत फिरतील. कशाला वाढवता?" अण्णांनी तेच पुन्हा सांगितलं. प्रत्येकाच्या घरी पाहुणे होते आणि प्रत्येकाच्या जिन्याखाली मोटर होती. एकाने विषय बदलून पार्किंगचा काढला. अण्णांनी चावी टेबलावर ठेवली आणि घरी आले.

मला ते काही बोलले नाहीत. आजतागायत नाही. टॉवेलचा ट, मजल्याचा म त्यांच्या तोंडून आला नाही. मी महिनाभर वाट बघितली. एकदा मीच म्हटलं, "अण्णा, मला बोला हो काहीतरी." ते म्हणाले, "तू कशाला? डोळे माझे होते." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. लाल टॉवेल मी बांधून माळ्यावर टाकलेत. दोनदा फेकायला काढले आणि दोनदा परत ठेवले.

आता नवा माणूस पाणी सोडतो. पाऊण तास वरची आळी, मग बाजार, घड्याळ लावून. काकूच्या पुतण्याने घर विकलं, तिथे पुढच्या सीझनला चार खोल्या होणार आहेत. अण्णांचं ऑपरेशन झालं, दिसतं आता स्वच्छ. रोज सकाळी सात वाजता ते काठी घेतात, दुखऱ्या गुडघ्याने चढ चढतात आणि टोकाच्या बंद घराच्या अंगणातला नळ उघडून त्याला कान लावून बसतात. पाणी सोडायची वेळ संपली की खाली येतात आणि मला सांगतात, "टोकाला आलं नाही गं अजून."

मी बरं म्हणते आणि त्यांना चहा देते. पाहुण्यांच्या आंघोळी चालू असतात. जिन्याखाली माझी मोटरही चालू असते. त्यांनी चावी परत केली त्याच आठवड्यात मी मोटर पुन्हा जोडली. अण्णांना ती ऐकू येते की नाही, मी विचारलेलं नाही.