प्लेटवरचे हजार वॅट

वायरिंगचा कोर्स केलेल्या बाईच्या पर्समध्ये पुढे कितीतरी दिवस फ्यूजच्या तारेचे तुकडे सापडत राहतात. बाजारात सुटे पैसे काढायला हात घालावा, तर तारच हाताला लागते! आमच्या बॅचचे किस्सेही तसेच साठलेत. टाकून देववत नाहीत.

कोर्स शहापूरला होता, तीन महिन्यांचा, फक्त बायकांसाठी. आम्ही बाराजणी. शिकवायला गुरव सर, भातसानगरला धरणावरच्या मोटारी सांभाळून रिटायर झालेले. मी सापगावची, वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची मंगलताई.

पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. वर व्होल्टेज, खाली करंट आणि रोध. "जे काढायचं ते अंगठ्यानं झाका. उरतं ते सूत्र!"

डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरून येणाऱ्या यमुनेने अख्खा तळहात त्रिकोणावर ठेवला.

"अगं, सगळंच झाकलंस तर उरणार काय?"

"सर, काहीच येत नाय त्यानं सगळंच झाकावं!"

आम्ही हसलो, पण यमुना हसली नाही. तिच्या पाड्यावरच्या बचत गटाने पिठाची गिरणी घेतली होती. सर्टिफिकेट मिळालं तर गिरणी चालवायचं काम यमुनेला. नाही मिळालं, तर दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर परत वीटभट्टीवर. म्हणून ती दोन गाड्या बदलून यायची आणि एकही दिवस चुकवायची नाही.

*

मुरबाडची वैशाली म्हणजे बॅचचा लाउडस्पीकर. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर चिमट्यासारखा असतो, तो वायरीभोवती धरायचा. वैशालीने तो पाणी तापवायच्या रॉडच्या दोन्ही वायरींभोवती एकदम धरला. पाण्याला वाफा येतायत आणि मीटरवर शून्य!

"सर, फुकटची वीज!"

"एकच वायर धर. जाणारा आणि येणारा करंट एकत्र धरलास की मीटरला काहीच दिसत नाही."

"असाच मीटर आमच्या सासूबाईंकडे आहे," वैशाली म्हणाली. "सून दिवसभर राबली तरी शून्य!"

*

एकदा शंभर वॅटच्या बल्बचा रोध काढायचा होता. व्होल्टेज भागिले करंट, उत्तर आलं पाचशे तीस ओहम. मग तोच बल्ब काढून, गार करून मीटर लावला, तर जेमतेम चाळीस! आम्ही पुन्हा पुन्हा भागाकार केला. मला तर वाटलं, दहावीनंतर आपलं गणित पारच गंजलं.

सर म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत. तार तापली की रोध वाढतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं!" वैशाली लगेच. "गार असताना काय पण सांगा, हो म्हणतात. तापले की प्रत्येक गोष्टीला अडवतात!"

हा नियम बाराही जणींना आजपर्यंत पाठ आहे.

*

आमच्या घरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड आणि इस्त्री दोन्ही चालायची. एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, दीड हजार आणि साडेसातशे, साडेबावीसशे वॅट झाले. भागिले दोनशे तीस. जवळजवळ दहा अँपिअर. बोर्ड सहाचा आहे."

"तुला दहावीला गणितात किती मार्क होते ते मला माहीत आहे," हे शर्टावर इस्त्री फिरवत म्हणाले.

तेवढ्यात प्लगमधून जळका वास आला.

आता रोज सकाळी बाथरूमच्या दारातून हाक येते, "मंगल, गणित झालं का? रॉड लावू?"

*

यमुनेची गणितं मात्र चुकतच राहिली. पद्धत बरोबर, उत्तर चूक. शेवटी सरांनी तिची वही नीट पाहिली, तर प्रत्येक गणितात व्होल्टेज एकशे सत्तर!

"अगं, दोनशे तीस दिलंय ना पुस्तकात?"

"आमच्याकडं संध्याकाळी एकशे सत्तरच असते, सर. आमी मीटर लावून बघितलंय."

"परीक्षेत पुस्तकातली वीज लिहायची."

"मंग परीक्षा पुस्तकाच्या गावात घ्या!"

सर हसले, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंगलताई, हिला समजवा. अशानं नापास होईल." मी जेवणाच्या सुट्टीत समजावलं. तिने मान डोलावली आणि भाकरी खात राहिली.

*

परीक्षा घ्यायला ठाण्याहून साहेब आले. टेबलावर विजेची शेगडी, तिच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या प्लेटवर लिहिलेलं: २३० व्होल्ट, १००० वॅट. नुसती तापवण्यापेक्षा उपयोग होऊ दे, म्हणून वैशालीने तिच्यावर सगळ्यांच्या चहाचा टोप चढवला. साहेब एकेकीला विचारत होते, "ही शेगडी आत्ता किती पॉवर घेतेय?"

पहिलीने प्लेट वाचली. "हजार." दुसरीने हजार. मीसुद्धा हजार! साहेबांनी तिघींच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

चौथी यमुना. तिने प्लेटकडे पाहिलंच नाही. शेजारच्या सॉकेटच्या भोकांत मीटर लावला, मग एका वायरीभोवती क्लॅम्प धरला, आणि कागदावर गुणाकार करत बसली. गुरव सरांनी डोळे मिटून घेतले.

"एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट, साडेतीन अँपिअर. साडेसहाशेला थोडं कमी, साहेब."

"बाई, प्लेटवर हजार लिहिलंय. वाचता येतं ना?"

"येतं. पण प्लेट लिवणाऱ्यानं आमच्याकडं भात नाय शिजवला!"

साहेब उठले. त्यांनी बॅगेतून स्वतःचा मीटर काढला, लावला, पाहिला. पुन्हा लावला. मग आम्हा तिघींच्या नावापुढच्या खुणांकडे बघत बसले.

"पास झालीस तर काय करणार?"

"गिरणी चालवीन. पण दुपारची. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटर जळंल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि टोपाकडे पाहिलं. "चहा झाला का? मग निवांत सही करतो."

यमुनेने झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं.

"सही आधी करा, साहेब. चहा साडेसहाशेवर आहे."