पळीला लावलेलं गंध

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं झाली — शब्द ओठांवर येतात आणि मी कॉफी मागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी तंजावूरचा, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातला; राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मंगळावर जाणाऱ्या रोबो-गाडीसाठी एक उपकरण बनत होतं, मातीत जीवसृष्टीची खूण शोधणारं. त्याची जुळी प्रत आमच्याकडे तपासायला आली होती. माती उचलायला एक बारीकशी पळी. भट्टीत भाजून निर्जीव केलेली वाळू त्या पळीनं आत टाकायची आणि उपकरणानं म्हणायचं — काही नाही. एवढीच परीक्षा. भाजलेल्या वाळूतच ते 'आहे' म्हणालं, तर उद्या मंगळावरून आलेल्या 'आहे'वर कोण विश्वास ठेवणार?

पळी धुण्याचं काम सेल्वीचं. पापनाशमजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. हात इतके स्वच्छ की मी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो; ती मला 'सार' म्हणायची, म्हणजे सर. चाचणी पार पडली की तिला याच कामावर पीएच.डी.ची जागा मिळणार होती. तिनं पळी धुतली, पेटीत ठेवली, वहीत सही केली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आयुधपूजेची सुट्टी होती.

त्या दिवशी आमच्याकडे बसपासून कात्रीपर्यंत सगळ्या हत्यारांना गंध-कुंकू लागतं. सकाळी आईनं विचारलं, "तुझ्या त्या मंगळाच्या यंत्राला गंध लावलास कीं नाहीं? तसंच ठेवलास होय रे?" चावी माझ्याकडे होती. मी गेलो. पळीच्या पाठीला चंदनाचा मोहरीएवढा ठिपका लावला, हात जोडले आणि लगेच स्पिरिटनं पुसून टाकला. वीस वर्षांचा माझा अनुभव — एवढ्यानं काय होतंय?

चाचणीला दहा जण काचेपलीकडे उभे होते. वाळू आत गेली. पडद्यावरची रेघ सपाट राहायला हवी होती, ती चढली. चढतच गेली. सेल्वी माझ्याकडे बघत होती.

आणि मी — मी काय केलं? "बघतो" म्हणालो आणि पळी भिंगाखाली धरली. स्क्रूच्या खाचेत पिवळा कण, चंदनाचा. हात अगदी स्थिर. तो कण मी टाचणीनं काढला, नळाखाली सोडला आणि मग पळी चौकशीसाठी पुढे केली.

चौकशीत प्रश्न एकच — शेवटची कोणी धुतली? वहीत सही तिची. मी शेजारच्या खुर्चीत होतो. एक वाक्य पुरलं असतं ना? ती मान खाली घालून म्हणाली, "राहिलं असेल सार, माझ्याच हातून." तिला ते खरंच वाटत होतं. माझा संशय तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आणि मला कसली भीती होती? लोक हसतील — विज्ञानात उभा जन्म घालवून पळीला गंध! त्या हसण्यापुढे मला तिची जागा लहान वाटली. तिला कामावरून काढलं.

पुढच्या चाचणीत रेघ सपाट आली. मूळ उपकरण गेलं, मंगळावर उतरलं, अजून 'काही नाही' म्हणतंय, आणि जग त्यावर विश्वास ठेवतंय. मला शाल मिळाली.

सेल्वी आता पापनाशमला शिकवण्या घेते. मागे एकदा तिनं आग्रहानं जेवायला बोलावलं. शिकवणीच्या मुलांना म्हणाली, "हे माझे सार. यांच्याकडे मी काम करत होते. एकदा नीट धुतलं नाही, म्हणून आज इथं आहे. तुम्ही तरी नीट लक्ष देऊन करा." मुलं माझ्याकडे आदरानं बघत राहिली. मी केळीच्या पानावर सांबार-भात कालवत होतो. आणखी वाढ, म्हणालो.

हे मी मराठीत लिहिलंय. आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलोय. तमिळ मला याहून चांगली लिहिता येते. पण तमिळ सेल्वीला वाचता येते.